पुष्पाबाईची भिंत

दामिनीचं कामच असं होतं का करडीत, तिच्या गावात, कोणाले सांगितलं तं आधी हसत. नव्याचं जुनं करणं. म्हणजे पाहा, मुंबईत सिनेमासाठी घर उभं करतात ना, ते प्लायवूडचं असते, सुतार ठोकते, रंगारी रंगवते, अन् चकचकीत नवं घर तयार होते. मंग दामिनी येते अन् दोन तासात त्या घराले पन्नास वर्षाचं म्हातारं करून टाकते. चहाचं पाणी, काजळी, गोवरीची राख, तपकिरी रंग अन् एक फवाऱ्याची बाटली, बस. कडीच्या बाजूले बोटायचा मळ. जिथं माणूस पाठ टेकून बसते तिथं डोक्याच्या तेलाचा गोल डाग. चुलीच्या वर धूर. कोणता डाग कुठं पडते हे तिले शिकवाच नाही लागलं, काहून का ती मातीच्याच घरात वाढली होती.

लहानपणी मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक आलं का बाकीच्या पोरी नट पाहायच्या अन् ही पडद्याच्या मागं जायची. समोरून राजाचा महाल अन् मागून नुसतं ठिगळ लावलेलं कापड. तिले मागचंच जास्त आवडायचं. मंग नागपूरले चित्रकलेचं कॉलेज, मंग मुंबई, मंग सात वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली भिंती मळवणं. मळवता मळवता नाव झालं. अन् एकतिसाव्या वर्षी पहिला सिनेमा भेटला का ज्याच्यात सेटवाली म्हणून तिचं एकटीचं नाव येणार होतं. तलावावर मासे धरणाऱ्या एका गरीब बाईची गोष्ट होती. दिग्दर्शक, ते सूरज सर, म्हणाले का सेट नको, खरं गाव पाहिजे, खरं घर पाहिजे.

दामिनी म्हणाली, "सर, माझ्या मावशीचं घर आहे. तलावाच्या काठावर. त्यांचं काम पण तेच."

हे म्हणताना तिले काही वाटलं नाही. उलट मीटिंगमध्ये सगळे तिच्याकडं पाहून राहिले होते तं तिची मान थोडी वरच झाली.

आता मावशी म्हणजे पुष्पाबाई. अन् पुष्पाबाईची भिंत म्हणजे काय हे करडीत कोणालेही विचारा. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर एका ठिकाणी पांढरी माती निघते, तिले छुई म्हणतात. ती भिजवायची, लुगड्याच्या कपड्यातून दोनदा गाळायची, अन् मंग चिंधीनं भिंत पोतारायची. सगळ्याच बाया पोतारतात. पण पुष्पाबाईचा हात असा गोल फिरे का भिंतीवर अर्धे अर्धे चंद्र उमटत, उन्हात पाहिलं का जसं मासोळीचं पोट चमकते तशी भिंत चमके. कोणाच्या घरी लगन निघालं का मांडववाल्याच्या आधी पुष्पाबाईले बोलावणं जाये. अन् काम झालं का ती दाराच्या बाजूले, खाली, वितीवर, ओल्या छुईत तीन बोटं ओढे. बस तीन रेघा.

"हे काय व मावशी?" दामिनीनं लहानपणी विचारलं होतं.

"सही," पुष्पाबाई म्हणे. "मले लिहिता कुठं येते."

अन् त्या वर्षी तं ती भिंत साधी नव्हती. प्रेरणाचं लगन जमवायचं होतं. प्रेरणा म्हणजे पुष्पाबाईची पोरगी, बी.एस्सी. झालेली, तोंडाची तिखट. आधी दोन ठिकाणचे पाहुणे आले अन् पोरगी पसंत पडूनही परत गेले. एकानं तं तोंडावर सांगितलं का घर मातीचंच आहे अजून. आता भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं स्थळ आलं होतं, पोरगा धनंजय, ट्रॅक्टरच्या दुकानात कामाले, माणसं चांगली. आपल्याकडं मंडईले पाहुणे येतात अन् तिथंच सोयरिकी जुळतात, तसे ते रविवारी, मंडईच्या दिवशी येणार होते. पुष्पाबाईनं दिवाळीपासून तीन हात छुई दिली होती. आपल्याजवळ सिमेंट नाही तं नाही, पण भिंतीवर कोणी बोट ठेवू नये.

अन् शूटिंग होती गुरुवार ते शनिवार.

बुधवारी सूरज सर घर पाहाले आले. गाडीतून उतरले, गॉगल वर केला, भिंतीसमोर उभे राहून वरपासून खालपर्यंत पाहात राहिले. दामिनीले वाटलं आवडली. मंग ते म्हणाले, "दामिनी, ये तो रिसॉर्ट लग रहा है. गरिबी कुठे आहे यात?"

आता इथं पाहा. दामिनीजवळ उत्तर होतं. एकदम तयार, जिभेवर. का सर, गरीब बाईचं घर असंच असते. तिच्याजवळ दुसरं काही नाही म्हणूनच भिंत अशी आहे. तुम्ही जे मागून राहिले ते गरिबाचं घर नाही, ते मी मुंबईत तयार करते ते घर आहे. हे सगळं तिले माहीत होतं, तिच्याइतकं त्या अख्ख्या युनिटमध्ये कोणालेच माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "सर, दोन तास द्या."

गुरुवारी सकाळी पुष्पाबाई अन् प्रेरणा साडी घ्यायले तुमसरले गेल्या. दामिनीले माहीत होतं त्या जाणार आहेत. म्हणूनच तिनं सकाळची वेळ धरली, हे तिनं नंतर कितीही वेळा स्वतःले वेगळं सांगून पाहिलं तरी खरं तेच होतं. घरी होते फक्त धनीराम मावसाजी. बाजेवर बसून जाळं विणून राहिले होते. शूटिंग आपल्या घरी होणार म्हणून दाढी करून, नवी बनियन घालून बसलेले.

"मावसाजी, भिंत थोडी जुनी दाखवा लागते," दामिनी म्हणाली.

"जुनीच तं आहे. माह्या बापानं बांधली."

"तशी नाही. मळकी."

मावसाजींनी सुई थांबवली. "धुतलं का निघते ना, बाई? रविवारी पाहुणे आहेत."

"निघते. मी स्वतः पोतारून देते. जशीच्या तशी."

"मंग कर बापा. तुम्हाले समजते."

दामिनीच्या हाताखाली मनिष नावाचा रंगारी होता, मुंबईपासून सोबत. त्यानं बाटली हातात घेतली अन् भिंतीकडं पाहून म्हणते, "ताई, पक्कं ना?" तिनं त्याच्या हातातून बाटली घेतली अन् पहिला फवारा स्वतः मारला. मंग हात सुरू झाला तं थांबलाच नाही. सांगायले लाज वाटते पण तिले मजाही येऊन राहिली होती. असा डाग, तसा ओघळ, इथं धूर, तिथं पोपडा. मुंबईत प्लायवूडवर करतो तेच, पण खऱ्या मातीवर, काय उतरून राहिलं होतं. दाराजवळ खाली तीन रेघा आल्या. तिनं एक क्षण बाटली खाली केली. अन् मंग वरून तपकिरी मारला, काहून का फ्रेममध्ये तेवढीच जागा पांढरी दिसली असती.

अन् सीनमध्ये हिरोइन रागानं बादलीभर पाणी भिंतीवर फेकते असं होतं. पाण्यानं मळ वाहून गेला तं दुसरा टेक कसा घेणार? म्हणून शेवटी तिनं सेटवर नेहमी करते तसं केलं, सगळ्या भिंतीवर वरून पाण्यानं न निघणारा पातळ गोंद मारला. वाळला का काचेसारखा पक्का. हे ध्यानात ठेवा.

दुपारी पुष्पाबाई आली. हातात पिशवी, पिशवीत मोरपंखी साडी. फाटकातच थांबली.

"आग लागली होती का जी?" तिनं नवऱ्याले विचारलं.

मावसाजी जाळ्यात तोंड घालून बसले. प्रेरणा म्हणाली, "आग नाही, आई. दामिनीताई लागली."

युनिटमधले दोघं तिघं हसले. दामिनीही हसली. पुष्पाबाई नाही हसली. ती सरळ घरात गेली, पिशवी ठेवली, ओला कपडा घेऊन आली अन् भिंत पुसाले लागली. कोणी घरात घाण केली तं बाई काय करते? पुसते. अन् तिकडं कॅमेरा लागून राहिला होता, सूरज सर ओरडले, "अरे, कोई रोको उनको." सगळ्यायनं दामिनीकडं पाहिलं.

दामिनी गेली अन् मावशीच्या मनगटाले धरलं. लहानपणी ज्या हातानं तिले भात भरवला त्या मनगटाले.

"मावशी, पुसू नको. शॉट बाकी आहे."

पुष्पाबाईनं कपड्याकडं पाहिलं. गोंदामुळं कपड्याले काहीच लागलं नव्हतं, कोरा होता. मंग दामिनीकडं पाहिलं, अन् हळूच, बाकीच्यायले ऐकू नको जायले असं, विचारलं, "बाई, आमच्या घरात काय कमी दिसली व तुले?"

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. जसं काही राहून गेलं असन अन् आता सांगितलं तं ती करून टाकन.

दामिनी म्हणाली, "सिनेमात असंच लागते, मावशी."

"बरं," पुष्पाबाई म्हणाली, अन् युनिटच्या पंधरा लोकायसाठी चहा ठेवाले आत गेली.

शनिवारी दुपारी एक वाजता शूटिंग संपली. सूरज सरनी भिंतीपाशी येऊन दामिनीच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले का असं काम मी पाहिलं नाही. दामिनीनं लगेच ओढणी कमरेले खोचली. छुई भिजवलेलीच होती. अख्खी दुपार ती पोतारत राहिली, पुष्पाबाई बाजूले उभी राहून सांगत होती, असं नाही, मनगट सैल सोड. भिंत पांढरी झाली. बरोबर पांढरी. दामिनीले इतकं हलकं वाटलं का तिनं संध्याकाळी मंडईचे भजे आणले सगळ्यायसाठी.

रविवारी सकाळी छुई वाळली. अन् वाळली तशी उठाले लागली. आधी कोपऱ्यात, मंग मधात. मासोळीचे खवले सुरीनं काढतो तशी छुई भिंतीवरून सुटून राहिली होती, अन् प्रत्येक खवल्याच्या खाली तो तपकिरी मळ, चकचकीत, जसाच्या तसा. छुईले माती पाहिजे धराले. गोंदावर ती कशाले धरन? हे करडीतल्या आठ वर्षाच्या पोरीलेही सांगता आलं असतं. अन् दामिनीलेही आलं असतं, सात वर्षाआधी.

तिनं खुरपं घेऊन खरवडून पाहिलं तं गोंदासोबत मातीचे ढेकळं निघाले, आतला कुडाचा बांबू दिसाले लागला.

"थांब आता," प्रेरणा म्हणाली. "अजून जुनी नको करू."

दहा वाजले होते. पाहुणे अकराले. पुष्पाबाईनं पेटीतून पलंगावरची नवीकोरी चादर काढली, मावसाजींनी मोठं जाळं आणलं, अन् दोघायनं मिळून भिंत झाकली. वर खिळे, खाली दोन विटा. जाळं टांगलेलं तसं वाईट दिसत नव्हतं. दामिनी म्हणाली, "खूप छान दिसून राहिलं, मावशी." प्रेरणा खालच्या विटा सरळ कराले लागली.

पाहुणे आले, भिंतीजवळ खुर्च्यायवर बसले. धनंजय, त्याचे वडील, अन् आई मंगलाबाई. मंगलाबाई जाडजूड, हसऱ्या, पण डोळे घरभर फिरवणाऱ्या. प्रेरणा मोरपंखी साडीत पोहे घेऊन आली. धनंजयनं काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी उत्तर दिलं, तो हसला, अन् हसला म्हणजे मनातून हसला, हे सगळ्यायनं पाहिलं. मावसाजींचा जीव भांड्यात पडला. अन् तेवढ्यात धनंजयच्या वडिलांनी खुर्ची मागं सरकवली. खुर्चीचा पाय चादरीत अडकला, खिळा निघाला, अन् चादर, जाळं, सगळं धपकन खाली.

भिंत उघडी.

नुसती मळकी नाही. अर्धी पांढरी, अर्धी काळपट, पोपडे लोंबलेले, मधात खरवडलेली, बांबू दिसून राहिलेला. जसं घराले कोड फुटलं.

दूर मंडईचा भोंगा वाजून राहिला होता तेवढाच आवाज. मंगलाबाईचा पोह्याचा चमचा हातातच राहिला.

दामिनी दाराजवळ उभी होती. एकच वाक्य बोलायचं होतं. काकू, हे मी केलं. शूटिंगसाठी. मावशीची भिंत तुम्ही पाहाले पाहिजे होती. तोंड उघडलं होतं तिनं. पण तिथं सगळ्यायले माहीत होतं का ही मुंबईची, ही सिनेमावाली, ही मोठी झालेली, मावशी सकाळपासून शेजारणीयले सांगून राहिली होती का आमची दामिनी आली आहे. अन् आता त्याच सगळ्यायसमोर म्हणायचं का मी हे केलं. एक घडी थांबू, असं तिले वाटलं. एकच घडी.

अन् त्या घडीत पुष्पाबाई बोलली.

"यंदा माह्याच हातानं नाही झालं जी," ती म्हणाली. "हात दुखत होते. पोतारलं पण जमलं नाही."

करडीतली सगळ्यात चांगली भिंत ज्या बाईची, ती बाई असं म्हणाली. दामिनीकडं पाहिलंसुद्धा नाही. बहिणीच्या पोरीले पाहुण्यायसमोर उघडं नाही पाडायचं, बस, तेवढंच तिच्या डोक्यात. मावसाजींनी मान खाली घातली अन् जाळं गोळा कराले लागले. प्रेरणानं मात्र पाहिलं. सरळ दामिनीकडं, ट्रे हातात धरून, वाट पाहात. दामिनीची ती एक घडी अजून संपलीच नव्हती.

मंगलाबाई चांगली बाई होती. तिनं पोह्याचा घास घेतला अन् म्हणाली, "जाऊ द्या वो. भिंतीशी थोडीच लगन लावायचं आहे. पोरगी आम्हाले पसंत आहे." सगळे हसले, सुटले. अन् निघताना, दारात चप्पल घालता घालता, मंगलाबाईनं पुष्पाबाईचा हात धरला अन् मायेनंच म्हणाली, "तुम्ही काळजी नका करू. पोतारणं मी शिकवीन पोरीले."

"हो जी," पुष्पाबाई म्हणाली. "शिकवा."

पाहुणे गेल्यावर दामिनी काहीतरी बोलाले गेली तं मावशी म्हणाली, "जेवून घे, तुह्या गाडीले वेळ होईन." अन् दामिनी जेवली. झिंग्याची भाजी होती, तिची आवडीची, मुद्दाम केलेली.

सिनेमा आला. ती भिंत त्याच्यात चार सेकंद दिसते, अन् तीही धूसर, हिरोइनच्या कानामागं. बादलीचा सीन तं काढूनच टाकला. पण ज्यायले समजते त्यायनं तेवढंही हेरलं. एका मोठ्या माणसानं दामिनीले स्टेजवर विचारलं, इतकी अस्सल भिंत कशी केली? तिनं चहाचं पाणी, काजळी, राख असं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. काम वाढलं. पुढच्या सिनेमासाठी चिखल्याच्या खाणकामगारायचे क्वार्टर पाहाले गेली, तिथं एक बाई सकाळी सकाळी पायरी घासून राहिली होती. दामिनी गाडीतून उतरलीच नाही. मनिषले म्हणाली, तू फोटो काढून आण.

प्रेरणाच्या लगनाले ती आली नाही. शूटिंग आहे म्हणाली. नव्हती.

पण पुढच्या दिवाळीनंतर भंडाऱ्यात काम निघालं अन् मावशीनं फोनवर सांगितलं का शहापूर वाटेतच आहे, प्रेरणाले भेटून जा, लाडू देऊन जा. नाही कसं म्हणणार. गेली. हायवेपासून आत चौथं घर. अन् फाटकातच पाय थांबले, काहून का समोर भिंत होती.

सिमेंटच्या घराले लागून मंगलाबाईचं जुनं मातीचं सपर, म्हणजे छपराची पडवी, होतं, त्याची भिंत. पांढरी. अर्धे अर्धे चंद्र, वरपासून खालपर्यंत, उन्हात मासोळीच्या पोटासारखे. हा हात जगात एकाच घरातला होता.

मंगलाबाई बाहेर आल्या. "अवो, तुम्ही तं दामिनी, नाही का? सिनेमावाल्या. या, बसा." अन् दामिनी भिंतीकडं पाहून राहिली हे पाहून त्यायनं हसून सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "आवडली? सगळा मोहल्ला पाहाले येते. वर्षाच्या आत तयार केली पोरीले. माहेरी बिचारीले कोणी शिकवलंच नव्हतं. तुमच्या मावशीले जमत नाही ना, तुम्ही पाहिलं होतं."

दामिनी बाजेवर बसली होती ती उभी झाली. वर्षभर ते वाक्य गळ्यात होतं. "काकू," ती म्हणाली, "त्या दिवशीची ती भिंत..."

"दामिनीताई," प्रेरणा म्हणाली, "जरा आत ये. साखरेचा डबा वर आहे, माह्या हाताले नाही येत."

आत साखरेचा डबा खालीच होता. प्रेरणा पाठमोरी उभी राहून कपात चहा गाळत होती.

"सांगू दे मले," दामिनी म्हणाली.

"काय सांगतेस? का माही आई खोटं बोलली? तेही दारात आलेल्या पाहुण्यायशी?" प्रेरणानं गाळणी आपटली नाही, हळूच ठेवली. "तेव्हा बोलली असती तं आईचं भलं झालं असतं. आता बोलशील तं तुहंच होईन."

"मंग मी काय करू?"

"चहा पी."

अन् कप हातात दिला. दामिनी बाहेर आली, परत बाजेवर बसली. मंगलाबाई सांगून राहिल्या होत्या का छुई कुठून आणतो, किती वेळा गाळतो. दामिनी हो हो म्हणत होती. अन् तिची नजर भिंतीवरून खाली खाली गेली, दाराच्या बाजूले, वितीवर. तिथं तीन बोटं ओढलेली होती.

"ह्या रेघा कशाच्या, काकू?" तिनं विचारलं. विचाराले नको होतं.

"त्या होय," मंगलाबाई म्हणाल्या. "ते तिचं काहीतरी आहे. मी म्हटलं पूस, तं पुसत नाही."

दामिनीनं चहा पिला. साखर नव्हती त्याच्यात. तिनं मागितली नाही.